मावळत्या नगरसेवकासमोर उमेदवारी : एक अनुभव

२०२१ च्या एप्रिल महिन्यात गोव्यातील मडगाव, मुरगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांच्या निवडणुका झाल्या. त्यांपैकी एका शहरातील एका प्रभागात मी उमेदवार होते. शहराचे नाव आणि प्रभागाचा क्रमांक मी मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कोणा एका व्यक्तीविषयी तक्रार मांडायची नाही. सलग दोन वेळा निवडून आलेल्या नगरसेवकासमोर सामान्य घरातील माणूस उभा राहतो तेव्हा त्याला काय काय करावे लागते आणि वाटेत काय आडवे येते, एवढेच सांगायचे आहे. पुढच्या निवडणुकीत उभे राहण्याचा विचार करणाऱ्या काही जणी मला हे विचारत असतात, त्यांना ते एका जागी वाचायला मिळावे ही इच्छा आहे.

मी एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करते. रोज संध्याकाळी प्रभागातील दुकाने आणि घरे फिरत असल्यामुळे कोणाच्या दारातले गटार पहिल्याच पावसात तुंबते, कोणाच्या घरक्रमांकाचे प्रकरण अडकले आहे, कोणत्या मुंडकाराला (दुसऱ्याच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याला) छप्पर दुरुस्त करण्यासाठी परवानगी मिळत नाही, हे सारे आपोआप कानावर येते. प्रत्येकाच्या बोलण्याचा शेवट मात्र एकच असे : रविवारी सकाळी कौन्सिलरकडे जाऊन येतो. रविवारी त्यांच्या अंगणात माणसे बसलेली असत. कोणाला फोन हवा असे, कोणाला चिठ्ठी, तर कोणाला नुसते ‘बघतो’ एवढे ऐकायचे असे. ते वागायला वाईट नव्हते. माणसांना बसवून घेत आणि शक्य ते करत. तरीही ज्या कामासाठी पालिकेच्या खिडकीवर अर्ज देऊन पोच घेता येते, त्याच कामासाठी म्हातारी माणसे हात जोडून कोणाच्या तरी अंगणात बसतात, हे मला सहन होत नसे.

माझे माहेर सत्तरीतील एका गावात आहे. तिथे ग्रामसभा भरते, माणसे उभी राहून सरपंचाला जाब विचारतात आणि विचारलेला प्रश्न इतिवृत्तात लिहिला जातो. लग्न होऊन शहरात आल्यावर माझ्या लक्षात आले की इथे तसे काहीच नाही. पालिका मंडळाच्या बैठकीत बोलायचे ते नगरसेवकांनीच. राज्यघटनेच्या ‘२४३ एस’ कलमाने प्रभाग समित्या सांगितल्या आहेत, पण त्या तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या पालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत साऱ्या गोव्याची लोकसंख्याच साडेचौदा लाखांच्या आसपास होती, तीन लाखांची पालिका इथे कुठून असणार? म्हणजे गावातून शहरात येणाऱ्या माणसाच्या हातून प्रश्न विचारण्याची जागाच निघून जाते आणि उरतो तो पाच वर्षांतून एकदाचा मतदानाचा दिवस. उभे राहण्याचे माझे कारण हे होते आणि ते मी दारोदार याच शब्दांत सांगितले.

आधीचे मंडळ २०१५ मध्ये निवडून आले होते. त्याची मुदत २०२० च्या अखेरीस संपली, करोनामुळे निवडणुका पुढे गेल्या आणि पालिकांवर प्रशासक आले. तेव्हा आमच्या प्रभागाला कागदोपत्री नगरसेवकच नव्हता, तरी रविवारची बैठक चालूच राहिली. पद गेले तरी नगरसेवकपण जात नाही, हे मी तेव्हा पाहिले. फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रभागांचे आरक्षण जाहीर झाले त्यात आमचा प्रभाग खुला राहिला. त्या महिन्याच्या शेवटी अर्ज भरणे सुरू झाले आणि १ मार्चला मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने या पाच पालिकांचे आरक्षण रद्द ठरवले, कारण महिलांसाठी घटनेने सांगितलेले किमान एक तृतीयांशाचे प्रमाण पाळले गेले नव्हते. ‘किमान’ या अटीमुळे अपूर्णांक खाली सोडता येत नाही. २५ प्रभागांच्या शहरात एक तृतीयांश म्हणजे आठ आणि वर थोडे, म्हणून तिथे नऊ जागा द्याव्या लागतात. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. १२ मार्चच्या निकालात न्यायमूर्ती रोहिंटन नरिमन यांच्या खंडपीठाने उच्च न्यायालयाचा निर्णय कायम केला आणि त्याहून मोठी गोष्ट सांगितली : सरकारी पदावर असलेल्या व्यक्तीकडे राज्य निवडणूक आयुक्तपद देता येणार नाही. तोवर हे पद राज्याच्या कायदा सचिवांकडे अतिरिक्त कार्यभार म्हणून होते. ज्या सरकारच्या आमदारांची माणसे पालिकेत उभी असतात, त्याच सरकारचा अधिकारी निवडणूक घेणार, यात काय चुकीचे आहे हे गल्लीतल्या माणसालाही कळते. त्यावर देशाच्या सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब गोव्याच्या पालिकांच्या निमित्ताने झाले, याचे मला आजही समाधान वाटते.

नव्या आरक्षणात आमचा प्रभाग महिलांसाठी राखीव झाला. माझी कागदपत्रे तयारच होती, फक्त अर्ज पुन्हा पहिल्यापासून भरावा लागला. मावळत्या नगरसेवकांनी आठवड्याच्या आत आपल्या पत्नीचे नाव जाहीर केले. लॉकडाऊनमध्ये घरोघरी किराणा पोहोचवून नाव कमावलेल्या एका तरुण कार्यकर्त्याने आपल्या वहिनीला उभे केले. ख्रिश्चन वाड्यावर शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या, त्या मात्र कोणाच्या बदली उभ्या राहिल्या नव्हत्या. खुल्या प्रभागातही त्या उभ्या राहणारच होत्या. पालिकेची ही निवडणूक पक्षचिन्हांवर होत नसली तरी पॅनल असतात, आणि मावळत्या नगरसेवकांच्या पत्नीला आमदारांच्या पॅनलमध्ये जागा मिळाली. आम्ही तिघी अपक्ष होतो.

अर्ज भरणे अवघड नसते, पण किचकट असते. मालमत्तेचे आणि गुन्ह्यांसंबंधीचे प्रतिज्ञापत्र, सूचकाची सही, मतदार यादीतील आपला आणि सूचकाचा अचूक अनुक्रमांक, घरपट्टीची थकबाकी नसल्याचा कागद, हे सारे छाननीच्या टेबलावर एकेक करून पाहिले जाते. नावातील एका अक्षराच्या फरकावरही हरकत येऊ शकते, म्हणून मी सगळ्या कागदांवर नाव यादीत आहे तसेच लिहिले. उमेदवारी भरण्याआधी मी संस्थेला कळवून प्रभागातील वसुली एका सहकारी एजंटाकडे दिली. ज्या हातात लोकांची बचत घ्यायची त्याच हाताने त्यांना पत्रक द्यायचे, हे मला योग्य वाटले नाही. महिन्याचे कमिशन बुडाले. त्याची तयारी घरात आधीच झाली होती.

सर्वांत जास्त वेळ गेला तो मतदार यादीवर, आणि तो तसाच जायला हवा. आमच्या प्रभागात हजाराच्या आसपास मतदार होते. एवढ्या लहान मतदारसंघात भाषणाला किंमत नसते, घर माहीत असण्याला असते. यादीची प्रत घेऊन मी आणि माझी नणंद रोज रात्री जेवणे आटोपल्यावर पेन्सिल घेऊन बसत असू. यादी असते क्रमांकाप्रमाणे आणि माणसे राहतात गल्लीप्रमाणे, त्यामुळे आधी प्रत्येक घराचे एक पान केले. मयत झालेल्यांच्या नावासमोर फुली, लग्न होऊन गेलेल्या मुलींसमोर बाण, परदेशी गेलेल्यांसमोर गोल. गोव्याच्या यादीत ते गोल फार असतात : कोणी आखातात, कोणी पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात, कोणी बोटीवर. पण त्या वर्षी प्रवासी बोटी बंद असल्यामुळे प्रभागातील बरेच तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, घरीच होते, आणि एरवी यादीवर केवळ नाव असलेले पुरुष या वेळी मतदार म्हणून दारात भेटत होते. त्यांना प्रभागाचे जुने हिशेब ठाऊक नव्हते. गटाराविषयी मन लावून विचारणारे बहुतेक हेच लोक होते, कारण अनेक वर्षांनी त्यांनी घराचा पावसाळा पाहिला होता.

यादीतच आणखी एक गोष्ट सापडली. ओढ्यापलीकडची काही घरे आमच्या प्रभागात असूनही त्यांतील मतदारांची नावे शेजारच्या प्रभागात होती आणि तिकडची काही कुटुंबे आमच्याकडे आली होती. प्रारूप यादीवर हरकती घेण्याची मुदत तेव्हा उलटून गेली होती, त्यामुळे त्यात काही करता आले नाही.

मी माहिती हक्काखाली अर्ज करून मागील मंडळाच्या काळात आमच्या प्रभागात झालेल्या कामांची यादी आधीच मागवली होती. ती वाचताना मावळत्या नगरसेवकांनी बरीच कामे करून घेतली होती हे स्पष्ट दिसले : पेव्हर बसवलेल्या दोन गल्ल्या, स्मशानाकडील भिंत, बाजाराच्या बाजूचे शौचालय. हे मी कोणापासून लपवले नाही. पण त्याच यादीत एका गटाराचा गाळ दर वर्षी पावसापूर्वी उपसल्याची नोंद होती, आणि तरीही ते गटार दर वर्षी तुंबत होते. कारण रस्त्याखालची मोरी अरुंद आहे. मी एका दुपारी तिथे उतरून टेप लावला : गटाराची रुंदी हातभर आणि मोरीचा पाइप वीतभर. वरून कितीही गाळ काढला तरी पाणी तिथे येऊन अडणारच. माझ्या पत्रकावर त्या मोरीचे छायाचित्र आणि कामांच्या यादीतील त्या नोंदी, एवढेच छापले. पत्रक मराठीत आणि ख्रिश्चन वाड्यासाठी रोमी (रोमन लिपीतील) कोंकणीत काढले. बाजारामागच्या खोल्यांत राहणाऱ्या कानडी कुटुंबांना ते एका शेजारणीने वाचून समजावून सांगितले.

मावळत्या नगरसेवकासमोर उभे राहिल्यावर लढाई कोणाशी असते हे मला एका घरात नीट कळले. त्या आजी माझ्या पिग्मीच्या जुन्या खातेदार. त्यांनी मला आत बसवले, पाणी दिले आणि स्वच्छ सांगितले, “तुका मत दियना अशें ना गो, पूण ताणें आमचें नळाचें काम करून दिलां.” नळजोडणीचे काम सार्वजनिक बांधकाम खात्याचे होते, पालिकेचे नव्हते. नगरसेवकांनी त्या खात्यातील अभियंत्याला एक फोन केला होता. जोडणी मिळणे हा आजींचा हक्क होता, त्यांनी तिचे पैसे भरले होते, तरी मनात नोंद राहिली ती त्या फोनची. आजींना खोटे पाडण्याचा माझा हेतू नव्हता आणि उपकार स्मरणे हा काही दोष नाही. मी त्यांना इतकेच म्हटले, “आजी, त्यांनी फोन केला हे चांगलेच केले. पण ज्यांच्यासाठी कोणी फोन करत नाही त्यांनी काय करायचे?” त्यावर त्या गप्प बसल्या. त्यांनी मत कोणाला दिले हे मी कधी विचारले नाही.

असे घर गल्लीगल्लीत होते. वीज खाते राज्याचे, पाणी राज्याचे, पंधरा वर्षांच्या निवासाचा दाखला मामलेदार कार्यालयाचा, आणि तरी या सगळ्यांचे श्रेय एकाच अंगणात जमा झालेले. गोवा नगरपालिका कायदा १९६८ चा आहे. त्याप्रमाणे पालिकेत ठराव होतात मंडळाचे आणि अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांची. एकट्या नगरसेवकाला काहीही मंजूर करण्याचा अधिकार नाही. हे मी शक्य तिथे समजावून सांगे. पुष्कळांना ते पटे. पण पटणे वेगळे आणि ज्याने वेळेला फोन केला त्याच्या पत्नीसमोरून मतदानाच्या दिवशी मान वर करून जाणे वेगळे, आणि त्यांची ही अडचण मला खरी वाटते. आव्हान देणाऱ्याकडे द्यायला काहीच नसते. त्याने फक्त एक वेगळी रीत दाखवायची असते, आणि ती प्रचाराच्या दोन-तीन आठवड्यांत दाखवून भागत नाही.

अर्ज मागे घेण्याच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघी शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या घरी बसलो. विषय उघड होता. विरोधातील मते तिघींत वाटली गेली तर निकाल आधीच लागल्यासारखा होता. शिलाई मशिनवर तिन्ही घरांच्या याद्या पसरल्या होत्या. त्या तरुणाच्या वहिनीने लगेच माघार घेतली. तिला मुळात उभे राहायचेच नव्हते आणि ते बोलून दाखवण्याचे बळ तिला त्या संध्याकाळी आले. उरलो आम्ही दोघी. कोणी थांबायचे? त्यांच्यामागे त्यांचा वाडा होता, माझ्यामागे बाजाराची बाजू आणि वरच्या गल्ल्या. त्यांच्या लोकांनी त्यांच्यासाठी उघडपणे मावळत्या नगरसेवकांचा राग ओढवून घेतला होता, माझ्या लोकांनी माझ्यासाठी. आता त्यांना जाऊन “आम्ही थांबतो” असे सांगणे म्हणजे त्यांना उघड्यावर सोडणे, असे दोघींनाही वाटत होते. कोणाची घरे जास्त हे मोजण्याची आधी ठरलेली रीत नव्हती, आणि त्या रात्री जी काही रीत काढली असती ती दोघींपैकी एकीला अन्यायाची वाटली असती. रात्री उशिरा आम्ही एकमेकींना शुभेच्छा देऊन उठलो. दोन्ही अर्ज राहिले. प्रचारात आम्ही एकमेकींविरुद्ध एक शब्द बोललो नाही, हे मात्र पाळले.

शेवटचे दिवस करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. रुग्ण वाढत होते, काही घरांत आत जाणे शक्य नव्हते, तिथे फाटकाबाहेरून बोलून निघावे लागे. मतदानाच्या तोंडावर राज्यात रात्रीची संचारबंदी आली आणि संध्याकाळनंतरच्या भेटी थांबल्या. तोट्यात कोण राहिले हे सांगायला नको. ज्याचे नाव दहा वर्षे घरोघर आहे त्याला दार उघडले नाही तरी चालते. नव्या उमेदवाराला समोरासमोर बोलण्यावाचून दुसरे साधन नसते. तरी या परिस्थितीत निवडणूक घेणाऱ्या मतदान केंद्रांवरील शिक्षकांचे आणि कर्मचाऱ्यांचे मला फार कौतुक वाटले.

२३ एप्रिलला मतदान झाले. उमेदवाराने आपले मतदान प्रतिनिधी नेमताना ओळखीपेक्षा सवय पाहावी. माझ्यासाठी बसलेली मुलगी खासगी शिकवणी घेणारी होती, वाड्यावरची बहुतेक तोंडे तिला ठाऊक होती, आणि आमच्या घरांच्या वहीवर ती येणाऱ्या प्रत्येकाची खूण करत होती. दुपारी कोणत्या गल्लीतून माणसे आली नाहीत हे आम्हाला त्या वहीवरून कळले आणि तिथे पुन्हा आठवण करायला माणूस पाठवता आला. मावळत्या नगरसेवकांच्या बाजूला हेच काम वर्षानुवर्षे करणारी माणसे होती. मतदार केंद्राबाहेर पोहोचण्याआधीच त्यांना तो आलेला कळत असे.

२६ एप्रिलला मतमोजणी झाली. आमच्या प्रभागाची मोजणी आटोपायला फार वेळ लागला नाही. एवढ्या मतांना किती वेळ लागणार? मावळत्या नगरसेवकांच्या पत्नी निवडून आल्या. मी दुसरी आले, शिवणकाम करणाऱ्या बाई तिसऱ्या, आणि आम्हा दोघींच्या मतांची बेरीज विजयी उमेदवाराच्या मतांहून जास्त भरली. निकालपत्रकावर सही करताना ती बेरीज आम्ही दोघींनीही मनातल्या मनात केली होती, हे एकमेकींकडे पाहिल्यावर कळले. दोघी एकत्र असतो तर सगळी मते एकत्र आलीच असती असे मी म्हणत नाही. वाड्यावरची काही मते त्या नसत्या तर मला न येता दुसरीकडे गेली असती, आणि माझीही काही तशीच. तरीही एवढे खरे की प्रभागात मत दिलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांना बदल हवा होता आणि तो त्यांना मिळाला नाही.

निवडणूक संपली तरी उमेदवाराचे काम संपत नाही, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. खर्चाचा हिशेब पावत्यांसह मुदतीत सादर करावा लागतो, हरलेल्यालाही. तो न दिल्यास पुढे अपात्र ठरवले जाऊ शकते. पत्रकांची छपाई, रिक्षाचे भाडे, कार्यकर्त्यांचा चहा-नाश्ता, सगळे लिहावे लागते. मी पहिल्या दिवसापासून वही ठेवली होती, त्यामुळे तो हिशेब एका बैठकीत पुरा झाला.

त्यानंतरच्या पावसाळ्याआधी त्या मोरीचा अर्ज मी पालिकेत दिला. सोबत गल्लीतील घरांच्या सह्या होत्या आणि अर्जाची पोच मी सर्वांना दाखवली. नव्या नगरसेविकांनाही त्याची प्रत दिली, आणि त्यांनी तो विषय मंडळाच्या बैठकीत मांडला हे मी इथे नोंदवते. मोरी रुंद व्हायला वेळ लागला, पण झाली. त्या गल्लीतील चार-पाच घरे आता आपले अर्ज आपणच टाइप करून नेतात आणि पोच घेऊन येतात. रविवारचे अंगण रिकामे झालेले नाही, आणि मलाही तशी अपेक्षा नव्हती.

शिवणकाम करणाऱ्या बाई आणि मी अधूनमधून भेटत राहिलो. पुढच्या वेळी अर्ज भरायच्या आधीच ठरवायचे, हे आमच्यात पक्के झाले आहे : दोघींनी आपापल्या घरांची वही ठेवायची, दोघींनाही मान्य असलेल्या माणसाने त्या वह्या शेजारी ठेवून पाहायच्या, आणि जिच्यामागे जास्त घरे दिसतील तिनेच अर्ज भरायचा. दुसरीने तिची सूचक व्हायचे. आरक्षण बदलून प्रभाग दोघींच्याही हातून गेला तरी यादीचे काम थांबवायचे नाही. प्रारूप यादी लागली की हरकतींची मुदत थोडी असते, म्हणून ओढ्यापलीकडची घरे त्यांनी तपासायची आणि बाजाराची बाजू मी, अशा गल्ल्या आम्ही आत्ताच वाटून घेतल्या आहेत.